तिच्या हातचं ॲव्हरेज

आमची छोटी डिझेल गाडी माझ्या हातात लिटरला पंधराचं ॲव्हरेज देते. तीच गाडी बायकोच्या हातात तेवीसचं देते. माझा नुसता जळफळाट होतो. तिला गाडी शिकवली कोणी? मीच!

रविवारी पुण्याहून साताऱ्याला घरी येताना मुद्दाम तिच्या शेजारी बसलो, काय जादू करते ते बघायला. ती काहीच करत नव्हती. खंबाटकीच्या चढावर मी ॲक्सिलरेटर दाबतो, टर्बोचा तो झटका पाठीला लागला की सुखावतो. ती आपली गुणगुणत चढत होती. मागून एक जीपवाला हॉर्न मारत आला, तशी बाजूला झाली.

"जाऊ दे, घाई असेल त्याला."

मला असं कुणाला पुढे जाऊ देताच आलेलं नाही. रस्त्यावर नाही, घरातल्या वादातही नाही. माझं डिझेल कुठे जळतं ते कळलं, आणि जळफळाट आणखीच वाढला.

घरी पोचल्यावर फाटक उघडायला खरं तर मी उतरायला हवं होतं. तीच उतरली. समोर डॅशबोर्डवर ॲव्हरेजचा तेवीसचा आकडा झळकत होता. मी हात लांबवून रीसेटचं बटण दाबलं. शून्य.

ती परत येऊन बसली. आधी शून्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जाऊ दे," म्हणाली. जीपवाल्याबद्दल म्हणाली होती, अगदी त्याच सुरात.