रविवारचं लग्न आणि नातीची परीक्षा

ऐक गं बये, फोन कानाशी धर जरा, तोच कान धरायचाय तुझा. तू तिकडे बदलापूरला आणि मी इकडे अंबरनाथला, म्हणून वाचलीस. बहिणीची नात म्हणून काही सोडलं नसतं तुला. परवा तुझी आई फोनवर सांगत होती, बारावी झाली की तू म्हणे डॉक्टरकीची परीक्षा यंदा देणारच नाहीस, पुढच्या वर्षी पूर्ण तयारी करून देणार. अगं, पूर्ण तयारी कुणाची कधी झालीय? माझी तर या वयातही व्हायचीय. माझी नातही एकदा अशीच म्हणाली होती, 'पुढच्या वर्षी देते.' तिचं कारण वेगळं होतं. ते ऐक, मग तुझं ठरव.

नात म्हणजे माझ्या थोरल्याची मुलगी. दहावीपासूनच तिचं सगळं ठरलेलं. बोर्डाची परीक्षा मार्चात संपते, डॉक्टरकीची ती 'नीट' परीक्षा मे महिन्यात असते, आणि तीही वर्षातून एकदाच. मधले दिवस उजळणीचे. पहिली खेप अभ्यास ताजा असताना द्यायची, नंबर नाही लागला तर वर्षभर घरी बसून दुसरी. जात पडताळणीचा अर्ज तर तिने अकरावीतच बापाच्या मागे लागून करून घेतला, कारण ॲडमिशनच्या वेळी तो कागद नसला की मिळालेली जागाही हातची जाते, असं तिला वरच्या वर्गातल्या मुलींनी सांगितलं होतं. मला वाटायचं, डॉक्टर व्हायला डोकं असलं की झालं. ती म्हणायची, "आजी, डोक्याइतकंच टायमिंग पण लागतं."

आता आमचं टायमिंग बघ. दिवाळीत धाकट्याचं लग्न ठरलं. मुलगी शहाडची. सगळ्यांना सोयीचा म्हणून मे महिन्यातला पहिला रविवार धरला आणि उल्हासनगरला कॅम्प दोनमधला हॉल बुक करून टाकला. परीक्षेची तारीख तेव्हा जाहीर झाली नव्हती, आणि नातीला विचारावं हे कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्यासुद्धा.

नवीन वर्ष लागल्यावर परीक्षेची तारीख आली. तोच रविवार. तीही भर दुपारी.

घरात नुसता कालवा. थोरला म्हणाला, "सकाळी लग्न लावू. ती फुलं टाकेल आणि निघेल."

"निघेल कुठे?" सून म्हणाली. "सेंटर पनवेलला आलं तर? आणि आदल्या रात्री हळदीला डीजे लावणार तुम्ही. पोरगी काय कानात बोळे घालून वाचणार?"

"हळद कॅन्सल करू," नवरदेव म्हणाला.

"तू? तुझ्या नाचाची प्रॅक्टिस सुरू झालीय आत्तापासून!"

सगळे हसले, आणि त्या हसण्यातच नात म्हणाली, "राहू द्या ना. मी पुढच्या वर्षी देते. काकाचं लग्न काय परत परत होणारे?"

आणि सगळ्यांना बरं वाटलं की गं! "शहाणी माझी बाय." "एका वर्षाने काय बिघडतंय." लगेच चहा टाकला. नात आपल्या टेबलाशी जाऊन बसली. पुस्तक उघडलं नाही. नुसतं पेनाचं टोपण काढत होती, घालत होती.

मी म्हटलं, "चहा राहू दे. लग्न पुढे ढकला."

"आई, मे महिन्यात दुसरा रविवार कोण देणार आपल्याला?" थोरला म्हणाला.

"रविवार मागितलाय कुणी?"

दुसऱ्या दिवशी धाकट्याला घेऊन हॉलवाल्या सिंधी शेठकडे गेले. कॅम्प दोनमध्ये शिवणाच्या कारखान्यात बसून मी कितीतरी वर्षं धागे कापलेत, शेठ लोकांशी बोलायला मला कुणी शिकवायला नको. तो म्हणाला, "अम्मा, मई का संडे छोड़ रहे हो? लोग पैर पड़ते हैं इसके लिए. आगे सब संडे फुल है."

"तो बीच का दिन दे दो."

त्याने चष्मा वर केला. "और मुहूरत?"

"हमारे में मुहूरत नहीं होता, सेठ. सब दिन अच्छा."

"अरे साईं, सारे कस्टमर ऐसे आने चाहिए! उसके बाद का शुक्रवार ले लो, खाली पड़ा है."

बोलून गेले खरी, पण रिक्षात तेच डोक्यात फिरत राहिलं. माझ्या सासऱ्यांनी बुद्धाचा धर्म घेतला तेव्हा पंचांग घराबाहेर काढलं. माझं स्वतःचं लग्न आडवारी लागलं, भर उन्हात, आणि चांगला संसार झाला. मग आम्ही रविवारला असे का चिकटून बसलो होतो, जणू कुणी भटजीनेच काढून दिलाय?

हेच मी शहाडला जाऊन व्याह्यांना सांगितलं. जयभीम झाला, पाणी झालं, आणि मग ते तापले. "ताई, गावाकडे गाडी सांगून झालीय. आणि तारीख फिरली की लोक म्हणणार, काहीतरी बिनसलं. ऐकून कुणाला घ्यावं लागतं? मुलीकडच्यांना."

त्यांचं खोटं नव्हतं. मी म्हटलं, "फोन मी करते. तुमच्या माणसांनाही मीच करते. सांगते, तारीख आम्ही फिरवली, नातीची परीक्षा आहे. बोलणी मी खाईन."

"पोरगी पुढच्या वर्षी देईल की."

"देईल. लागली तर पुढच्याही वर्षी देईल. पण ही खेप जेवणावळीपायी जाऊ देणार नाही मी."

होणारी सून चहाचे कप उचलायला आली होती. उचलता उचलता म्हणाली, "पप्पा, तुमच्या कंपनीला सुट्टी शुक्रवारचीच असते ना? तुम्हाला तर रजासुद्धा काढायला नको."

व्याही तिच्याकडे बघतच राहिले. मग मला म्हणाले, "ही आत्तापासूनच तुमच्या बाजूने बोलायला लागली, ताई."

"म्हणून तर पसंत केली!"

मग आठवडाभर फोन. एक नणंद म्हणाली, "डॉक्टर झाली की आम्हाला फुकट तपासेल ना गं?" मी म्हटलं, "पहिली तुझी जीभच तपासायला लावते."

सेंटर कल्याणला आलं. मीही गेले. कानातलं चालत नाही म्हणून गेटवर तिने काढून माझ्या हातात दिलं, आणि मूठ मिटून मी बाहेर बसले. सुटल्यावर म्हणाली, "फिजिक्सने मारलं, आजी. पण बायो मस्त गेलं." आणि शुक्रवारी लग्नात अशी नाचली म्हणतेस!

त्या वर्षी नंबर लागला नाही. रडली. पण रडून झाल्यावर तिला कळलं होतं की नेमकं कुठे कमी पडतेय. वर्षभर फिजिक्सला धरून बसली, आणि दुसऱ्या खेपेला सरकारी कॉलेजात जागा मिळाली. ती म्हणते, "आजी, तेव्हा दिली नसती ना, तर दुसऱ्या वर्षीही मी पहिल्यांदाच देत असते."

तेव्हा तू आधी फॉर्म भर, तारीख निघून जायच्या आत. भीती वाटते तर वाटू दे, भीती घेऊनही पेपर लिहिता येतो. पडताळणीचा अर्ज केलाय की नाही ते आजच बापाला विचार. आणि इकडे ये. नात आता होस्टेलवरून सुट्टीला आलीय, तिची खुणा केलेली पुस्तकं माळ्यावरून खाली काढून ठेवलीत मी. पिशवी मोठी आण, आईलाही आण, जेवूनच जा. लवकर ये गं, तिची सुट्टी संपायच्या आत ये.