दहावा रोल नंबर

टीवायला, म्हणजे बीएच्या शेवटच्या वर्षाला, इकॉनॉमिक्स स्पेशल घेणारे आम्ही नऊ जण होतो आणि प्राचार्यांचा नियम दहाचा होता. दहा नाहीत तर वर्ग नाही, सगळ्यांनी मुकाट्यानं इतिहास घ्यायचा. इतिहासाशी माझं वैर नव्हतं, पण दोन वर्षं आलेख काढल्यावर आता सनावळ्या पाठ करायच्या, या कल्पनेनंच माझं डोकं फिरायचं. डोंबिवलीचं आमचं कॉलेज एवढंसं, दहावा माणूस आणायचा कुठून? तिसऱ्या वर्षाला नव्यानं घेणारं दुसरं कॉलेज म्हणजे थेट मुंबई, आणि शहाडच्या घरून मला तितक्या लांब पाठवायला बाबा तयार नव्हते.

दहावा माणूस शेवटी आमच्या इकॉनॉमिक्सच्या सरांनी शोधला. ते होते कॉलेजचे शिपाई. त्यांना सगळे मामाच म्हणायचे. वय पंचेचाळीसच्या पुढे, राहायला टिटवाळ्याला. लायब्ररीत पुस्तकं द्यायची आणि तास संपला की व्हरांड्यातली पितळी घंटा वाजवायची, ही त्यांची कामं. तरुणपणी नोकरी सांभाळून त्यांनी बीएची दोन वर्षं केलेली, तिसरं घरच्या अडचणींत राहून गेलेलं, हे सरांना ठाऊक होतं. कामात कसूर होता कामा नये, या अटीवर प्राचार्यांनी परवानगी दिली. मामांनी आमच्यावर उपकार केले, असंच आम्ही नऊ जण धरून चाललो होतो, आणि मी तर ते कँटीनमध्ये मोठमोठ्यानं सांगत फिरायचे.

मामा दाराजवळच्या बाकावर बसायचे. तास संपत आला की हळूच उठायचे, घंटा देऊन यायचे आणि मग वही मिटायचे. सरांचा आलेख अर्धवट असला तर घंटा दोन मिनिटं उशिरा व्हायची. बाकीचं कॉलेज कशासाठी ताटकळतंय, हे फक्त आम्हालाच माहीत असायचं.

एकदा सर परदेशी व्यापार शिकवत होते. एखाद्या देशाला दोन्ही कामं उत्तम येत असली, तरी ज्यात तो जास्त सरस आहे तेवढंच त्यानं करावं आणि दुसरं इतरांवर सोपवावं, असं त्यांनी सांगितलं. मामांनी हात वर केला. त्यांना पुस्तकंही सांभाळता येतात आणि घंटाही, मग सोडायचं कुठलं, असा त्यांचा प्रश्न होता. सर एकदम खुलले. फळाभर आकडेमोड झाली, तरी मामांना पटेना. आमच्यातही दोन तट पडले आणि आम्ही हमरीतुमरीवर आलो. दारात प्राचार्य येऊन उभे राहिले, तेव्हा पुढचा तास निम्मा उलटून गेला होता आणि घंटा कोणी दिलीच नव्हती.

"तुम्ही शिपाई आहात की विद्यार्थी, ते एकदा ठरवा," ते मामांना म्हणाले.

संध्याकाळी मी लायब्ररीत पुस्तक परत करायला गेले, तर मामांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. त्यातलं इंग्रजी तपासून हवं होतं. तो नाव काढून घेण्याचा अर्ज होता. मी तो तिथल्या तिथे फाडला. मला रागच आला होता, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची नाही, माझ्या वर्गाची काळजी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही नऊही जण प्राचार्यांकडे गेलो. सरांनी फळ्यावर लिहिलं होतं तसंच करू या, घंटा आमच्यावर सोपवा, असं मी म्हणाले. बराच वेळ कुरकुर करून ते कबूल झाले. मग वर्षभर आम्ही पाळीपाळीनं घंटा दिली. मी एकदा दहा मिनिटं आधीच देऊन बसले. मामा आत बाकावर बसून आमच्या प्रत्येक टोलाला नाक मुरडायचे.

निकालाची यादी आली ती सुट्टीत. ती बोर्डावर लावायचं काम मामांचंच. मी सकाळीच पोचलेले. त्यांनी चारी कोपऱ्यांना टाचण्या टोचल्या आणि बोर्डाकडे पाठ करून उभे राहिले. इतकी वर्षं दुसऱ्यांचे निकाल लावलेला माणूस, पण स्वतःच्या निकालाकडे वळून बघेना.

"माझा नंबर बघ गं पोरी," ते म्हणाले. "माझ्याच्यानं नाही व्हायचं."

उपकार मामांनी केले, असं मी वर्षभर सांगत आले होते. त्यांना स्वतःला हे किती हवं होतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला फार लाज वाटली. माझा नंबर बघायचा राहू दिला आणि आधी त्यांचा शोधला. तो होता. मी मोठ्यानं वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

मग ते व्हरांड्यात गेले आणि त्यांनी घंटा दिली. वर्गांत चिटपाखरू नव्हतं, तरी देतच राहिले. प्राचार्य केबिनमधूनच घंटा कोणी वाजवली म्हणून ओरडून विचारू लागले.

"शिपायानं वाजवली, सर," मामा म्हणाले. "विद्यार्थी पास झाला."