हनुवटीची गाठ

आमच्या निघोजेच्या घरात मधल्या खोलीच्या भिंतीला खुंट्यांची एक ओळ होती आणि प्रत्येक खुंटीवर सुती दोऱ्या लोंबत असायच्या. नवखा माणूस विचारायचा, "एवढी दावी कशाला? जनावरं तर दिसत न्हाईत." माझे वडील, म्हणजे आमचे आबा, हसून म्हणायचे, "जनावरांची न्हाईत, माणसांची हायेत." थट्टा वाटायची, पण ते खरंच होतं.

आबा चाकणच्या बाजारात माणसाला घोडं निवडून द्यायचे. ते हेडी नव्हते. हेडी जनावर विकतो, त्याला गिऱ्हाईक पडलं काय नि राहिलं काय. आबा फक्त सांगायचे, हे घोडं तुझं, ते तुझं नव्हे. तलाठी, देवी टोचणारे, गावोगाव फिरणारे कापडवाले, लग्नातले नवरदेव, सगळे त्यांच्याकडे यायचे. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, तरी आमच्या बाजूला पक्का रस्ता सोडला की पुढे घोड्याशिवाय गत नव्हती.

आबांची रीत साधी होती. माणसाला अनवाणी भिंतीला उभं करायचं, दोरीचं टोक टाचेखाली धरायचं, वर हनुवटीपर्यंत ताणायची आणि तिथे गाठ मारायची. मग बाजारात ती दोरी घोड्याच्या पुढच्या पायाशी लावायची. घोड्याचा खांदा त्या गाठीच्या वर गेला की घोडं मोठं. नाकारायचं, मग ते कितीही देखणं असो. माणूस कुरकुर करायचा, "अहो आबा, बसतोय की मी, बघा." आबा म्हणायचे, "बसायचं काय घिऊन बसलास? बसवायला चार माणसं मिळत्यात. रानात एकटा उतरलास, तर परत एकटा चढशील का, तेवढं सांग."

या दोऱ्यांचे नियम होते, आणि ते आबांनी कुठून आणले होते कुणास ठाऊक. वाढत्या पोरांच्या दोरीला दरवर्षी वर नवी गाठ पडायची. पण मिसरूड फुटून माणूस पुरा वाढला की त्याची शेवटची गाठ बसली. मग पुन्हा माप घ्यायचं नाही. मोठ्या माणसाचं माप दुसऱ्यांदा घेतलं तर त्याचं आयुष्य उतरतं, असं आमच्याकडे धरून चालत. माणूस गेला की त्याची दोरी खुंटीवरून काढायची आणि राखेबरोबर इंद्रायणीत सोडायची.

मी वीस वर्षांचा झालो तेव्हा आबांनी माझी शेवटची गाठ मारली आणि त्यांच्या दोरीशेजारी धरून पाहिली. दोन्ही गाठी एका रेषेत आल्या. आबांना काय आनंद झाला! आईला हाक मारून म्हणाले, "बघ, रेसभर फरक न्हाई." आईनं हातावर गूळ ठेवला. आबा गावातले उंच गडी होते. त्यांच्याएवढा झालो, म्हणून मी दोन दिवस छाती काढून हिंडलो.

पुढे मला पिंपरीला कंपनीत नोकरी लागली. मी तिकडेच खोली घेऊन राहू लागलो आणि सुट्टीला सायकलनं घरी यायचो. सायकल घेतली तेव्हा आबांनी ती अंगणात उभी करून चारी बाजूंनी पाहिली होती. "बस बघू. पाय टेकतो का? टेकतो ना? मग चांगली हाय." सायकलीतलं त्यांना तेवढंच कळायचं, आणि मी मित्रांना ते हसत हसत सांगायचो.

त्याच साली दसऱ्याच्या सुमारास आबांचा जुना घोडा गेला. आबांचे गुडघे तोवर पार गेले होते. दारातून विहिरीपर्यंत जायचं तर दोनदा थांबायचे. पण घोड्यावर बसले की चाकण, महाळुंगे, खालुंब्रे सगळीकडे जाऊन यायचे, माणसांत बसायचे, चार शब्द बोलायचे. घोडा गेल्यावर ते पंधरा दिवस ओट्यावर बसून होते. आई मला म्हणाली, "त्यांना घोडं बघ रं बाबा. असेच बसले तर बसल्या जागी संपतील." ते मलाही दिसत होतं. घोडं मिळालं तर आबा हिंडते-फिरते राहणार होते, नाहीतर नाही.

मी कंपनीतून रजा काढली. पगारातून पैसे साठवले होते. मनाशी ठरवलं होतं, घ्यायचं तर असं घोडं घ्यायचं की गावानं मान वर करून बघितलं पाहिजे. दिवाळीनंतरच्या बाजाराला आम्ही शेजाऱ्याच्या बैलगाडीतून चाकणला गेलो.

बाजारात मी पुढे, आबा काठी टेकत मागे. घोड्यांच्या ओळीत ते एका करड्या घोडीपाशी थांबले. बुटकी, पोटानं गोल, नजरेनं शांत. त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. मी चार घोडी पुढे जाऊन मागे वळलो तरी ते तिथेच.

"ही बरी हाय की," ते म्हणाले.

माझं टाळकं सरकलं. "आबा, तट्टू हाय हे! तुमचे पाय फरफटत जातील. सगळं गाव हसंल मला."

"तुला हसंल?" आबांनी विचारलं. त्यांनी ते रागानं विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. मी तसाच चालू लागलो.

पुढे एक तांबूस घोडा उभा होता. सरळ पायांचा, रुंद छातीचा, चकचकीत. हेडीनं मला ओळखलं. "कंपनीवालं पाव्हणं आलं रं! आबांना आता हत्तीच घ्या राव, घोडा कशाला?" आजूबाजूचे हसले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आबा हळूहळू जवळ आले. त्यांनी कोपरीच्या खिशात हात घातला. "दोरी आणलीया," म्हणाले. "बघ की एकदा लावून."

"कशाला दोरी?" मी म्हणालो. "तुमची नि माझी गाठ एकच." आणि मी स्वतः घोड्याला चिकटून उभा राहिलो, मान ताठ केली. घोड्याचा खांदा माझ्या हनुवटीच्या बोटभर खाली होता. "बघा, चपखल!"

आबांनी खिशातून हात काढून माझ्यापुढे धरला होता. मूठ मिटलेली, मुठीतून दोरीचं शेपूट बाहेर लोंबत होतं. "तरी बघ," ते पुटपुटले.

"आबा, उशीर होतोय. मला उद्या सकाळची शिफ्ट आहे."

त्यांनी हात खिशात घातला. "बरं," म्हणाले.

घोडा गुणी होता, त्यात खोट काढायला जागा नाही. गावात शिरताना लोक ओट्यावरून उठून बघत होते. आबांना मी नि गाडीवाल्या शेजाऱ्यानं धरून वर बसवलं होतं. वर ते पूर्वीसारखेच दिसत होते, ताठ, पागोटं जरा कललेलं. मला भरून आलं. रोज सकाळी ते आमच्या ओट्यावरून घोड्यावर चढायचे, असं आई पुढे बोलता बोलता म्हणाली. मी म्हटलं, म्हातारपणी चढेनात का ओट्यावरून, बिघडलं काय? ज्या माणसानं जन्मभर लोकांना एकच प्रश्न विचारला, एकटा उतरलास तर चढशील का, त्या माणसाचा मुलगा असून मला त्यात काही दिसलं नाही. डोळे फुटले होते माझे, दुसरं काय!

पौषात एका दुपारी कंपनीच्या फाटकावर गावचा माणूस सायकल घेऊन उभा दिसला. त्याचं तोंड बघूनच मी माझी सायकल काढली.

आबा महाळुंग्याहून परतत होते. वाटेत लघवीला उतरले. गवत कापणाऱ्या एका बाईनं लांबून बघितलं, तिनंच पुढचं सांगितलं. म्हातारबाबांनी चढायचा दोन-तीनदा प्रयत्न केला. रिकिबीत पाय पोचेना. मग लगाम धरून घोडा चालवत ते एखादा उंच दगड शोधत बरंच अंतर गेले. दगड मिळाला नाही, शेताचा बांध मिळाला. बांधावरून त्यांनी पाय टाकला आणि पायाखालची माती सुटली. बाई धावत पोचली तेव्हा आबा उताणे पडले होते आणि घोडा त्यांच्याजवळ मान खाली घालून उभा होता. जागचा हलला नव्हता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. पुण्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी वय विचारलं आणि मग घरीच ठेवा म्हणाले. हाडवैद्य आला, लेप झाले, फळ्या बांधून झाल्या. काही उपयोग झाला नाही. आबा मधल्या खोलीत पडून राहिले, समोर सगळ्यांच्या दोऱ्या. पाठ सोलून निघाली, जेवण तुटलं. जो माणूस बसल्या जागी मरू नये म्हणून घोडं आणलं, तो पडल्या जागी महिना महिना झिजला.

मी दर सुट्टीला यायचो नि उशाशी बसायचो. वाटायचं, आबांनी एकदा मला शिवी घालावी. म्हणावं, गाढवा, दोरी बघायला काय झालं होतं तुला? ते माझ्या शिफ्टचं विचारायचे. एकदा मी न राहवून म्हणालो, "आबा, तो घोडा विकून टाकतो. नजरेसमोर नको." तर म्हणाले, "घोड्याला बोल लावू नको. घोडं गुणाचं हाय." आणि पुढे म्हणाले, "एखाद्या उंच माणसाला दे."

चैत्र लागता लागता ते गेले.

तिसऱ्या दिवशी सावडायला निघताना मी त्यांची दोरी काढायला खुंटीपाशी गेलो. खुंटी रिकामी होती. आईला विचारलं, तर तिनं ट्रंकेतून आबांची कोपरी काढली, खिशात हात घातला आणि दोरी माझ्या हातात दिली. बाजारच्या दिवसापासून ती तिथेच होती.

मी दोरी सरळ केली. ओळखीची जुनी गाठ होती, हातांनी काळी पडलेली. तिच्या खाली आणखी एक गाठ होती, नवी, पांढरी.

आमच्या खुंट्यांवर खाली येणारी गाठ मी कधी पाहिली नव्हती. मी आईकडे बघितलं.

"दिवाळीच्या आधी मारली," ती म्हणाली. "टाचेखाली टोक मी धरलं होतं. मी म्हटलं, असं माप घेत न्हाईत, नका करू. तर म्हणाले, लोकांचं खरं सांगत आलो, आता माझं खोटं सांगू व्हय? तुला सांगते म्हटलं, तर नको म्हणाले. म्हणाले, तोंडानं बोलायला लाज वाटती, बाजारात त्याच्या हातात दोरी देईन, त्याचं तोच बघंल."

मी दोन गाठींच्या मधे बोटं ठेवली. चार बोटं बरोबर बसली; घोड्याचा खांदा जुन्या गाठीच्या एकच बोट खाली होता. ती करडी घोडी माझ्या डोळ्यांपुढे आली, तिच्या मानेवर ठेवलेला आबांचा हात आला.

इंद्रायणीवर बाकीचे सगळे पाण्यात उतरले होते. राख सोडून झाली. कुणीतरी म्हणालं, दोरी सोड. मी ती मुठीत घट्ट धरून उभा राहिलो, आणि मूठ माझ्याच्यानं उघडेना. त्या दिवशी बाजारात आबांनी अशीच मूठ माझ्यापुढे धरली होती, आणि मला फक्त हात पुढे करायचा होता.