जनाआत्याची गोळी

बालाघाटच्या आमच्या मोहल्ल्यात सकाळी दार उघडलं की अंगण आधीच झाडलेलं असायचं. फक्त आमचंच नाही, ओळीतल्या सहाही घरांचं. हे काम माझ्या जनाआत्याचं. तिरोडीच्या मँगनीज खाणीत दगड कोसळून तिचा नवरा गेला, तेव्हापासून तिची झोप उडाली होती, आणि नुसतं पडून राहणं तिला जमत नसे. शेजारची फुलाबाई चिडवायची, "जनाबाई, आमच्या झाडूले पेन्शन देल्ली का तुमी?" आत्या म्हणायची, "तू झोप वं. तुह्या वाट्याचं मी जागून राह्यली."

नागपूरला जाऊन तिनं धम्मदीक्षा घेतली होती. घरातले देव स्वतःच्या हातांनी वैनगंगेत सोडले होते. पंचशील म्हणताना मद्य वर्ज्य करणाऱ्या शीलापाशी तिचा आवाज चढायचा. मी चळवळीची पत्रकं वाचत आणि वाटत वाढलेली. मोहल्ल्यातल्या एका सभेत मी ओरडून सांगितलं, "ज्याच्या घरात थेंबभर दारू सापडेल, त्यानं स्वतःला बौद्ध म्हणवू नये! माझ्या आत्याकडे पाहा!" सगळ्यांनी पाहिलं. आत्यानं पदर पुढे ओढला. मला वाटलं, लाजली.

पुढे जागरणानं तिचा तोल जायला लागला. चुलीपाशी हात भाजला, तेव्हा मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थोड्या दिवसांपुरत्या झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. कंपाउंडरनं पुडी देताना बजावलं, "एकच गोळी, अंथरुणावर पडायच्या वेळी. झोप लागली नाही तरी दुसरी घ्यायची नाही. कोणाला द्यायची नाही. आणि दारूसोबत तर मुळीच नाही, श्वास बंद पडू शकतो. बाई, दारू घेता का?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या आधी मीच कडाडले, "आम्ही बौद्ध आहोत. असं विचारता तरी कसं?"

"नाही जी," आत्या हळूच म्हणाली.

बाकीचे नियम तिनं काटेकोर पाळले. फुलाबाईनं "एक गोळी दे ना वं माय" म्हणून हात पसरला, तर म्हणाली, "माह्या नावानं देल्ली हाय. तुले पाह्यजे त डॉक्टरले दाखव." चौथ्या दिवशी ती उजाडल्यावर उठली. लहान मुलीसारखं तोंड करून म्हणाली, "पोरी, मले सपन पडलं वं. किती सालानं!"

मग थंडी वाढली, तिला खोकला झाला. आणि एका सकाळी ती उठलीच नाही.

डॉक्टरांना तिच्या उशाजवळच्या पेल्यातून वास आला. त्यांनी दारूचं विचारताच मी अंगावर धावले, "आमच्या घरात दारू नाही!" फुलाबाई रडत मध्ये आली. "दारू नाही वं, पोरी. खोकल्यासाठी घोटभर मोहाची, गरम करून, हळद टाकून. हिवाळ्यात आमी सगळ्याच घेतो. ते औषध व्हय. मीच आणून देत होती. जनाबाई म्हने, पोरीले सांगजो नको, तिले सभेत खाली पाहा लागन."

आत्या खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी ते औषधच होतं. पण कंपाउंडरनं विचारलं तेव्हा तिला शंका आली असावी, म्हणून तर तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तत्त्वांनी तिला तोंड उघडायला जागाच ठेवली नाही.

आता मी मोहल्ल्यातल्या बायकांना दवाखान्यात नेते. दारूचं नाव काढत नाही. खोकल्याला काय घेता, अंग दुखलं तर काय घेता, असं विचारते आणि थांबते. परवा लालबर्र्याहून मोहल्ल्यात पाहुणी आलेली एक म्हातारी दवाखान्यात बराच वेळ पदराशी चाळा करत बसली, मग म्हणाली, "घोटभर घेतो, बाई. रागावशील काय?"

"नाही," मी म्हटलं. "बरं झालं, सांगितलंत."

कंपाउंडरनं तिच्यासाठी बांधलेली झोपेच्या गोळ्यांची पुडी सोडली आणि तिला परत डॉक्टरांकडे पाठवलं. मी बाहेर येऊन भिंतीशी उभी राहून रडले. आत्याला माझ्याकडून एवढंच ऐकायचं होतं.