हिऱ्याला भोक पाडण्याची नोकरी

नव्वद साल उलटल्यानंतरची गोष्ट. लग्न नुकतंच झालेलं, आणि मी अंबरनाथ एमआयडीसीत रोज सकाळी मंगळसूत्र काढायची, संध्याकाळी घालायची. आमच्या कारखान्यात हिऱ्यांना भोकं पाडत. दागिन्यातले हिरे नव्हेत, हे मळकट, रस्त्यावरच्या खड्यासारखे. त्या भोकातून तांब्याची तार ओढली की ती केसाइतकी बारीक होते. भोक लेसरने पाडायचं, आणि लेसरच्या खोलीत चकाकणारं काही न्यायचं नाही असा नियम होता. किरण डोळ्यांना दिसायचाच नाही. वाकताना सोन्याची वाटी मध्ये लोंबली, तिच्यावरून तो उसळून डोळ्यात गेला, तर डोळा गेल्यावरच कळणार.

मला त्या कामाचं वेड लागलं होतं. लेसर सलग जळत नसे, टकटक ठिणग्या पाडी. एकेक ठिणगी इतकी क्षणिक, की आजूबाजूचा हिरा तापायच्या आत तिचं काम उरकलेलं असे. तव्यावरची पोळी आपण बोटांनी उलटतो आणि भाजत नाही, तसंच. परदेशात याच्याहून हजारो पटींनी छोट्या ठिणग्या काढतात, त्यांनी काचसुद्धा न तडकता कोरता येते, असं शेठनी दिलेल्या एका मासिकात वाचून मी आठवडाभर हवेत होते. मी फिजिक्सची बीएस्सी. बदलापुरात, हेंद्रेपाड्याच्या घरी, त्याचा उपयोग एवढाच, की फ्यूज उडाला की मला हाक.

एकदा मंगळसूत्र कारखान्यातच राहिलं. रिक्षात हात गळ्याशी गेला, तर गळा मोकळा. शेठ कुलूप लावून उल्हासनगरला घरी गेलेले. पदर गळ्याभोवती गुंडाळून घरात शिरले, तर सासूबाईंची नजर आधी तिथेच. कामावर काढून ठेवलं ते तिथेच राहिलं, हे सांगावं लागलं.

"रोज काढतेस?"

"हो. काढावंच लागतं."

"नवरा जिवंत आहे ना गं?"

जिवंत नवरा समोर पेपर वाचत होता. "आई म्हणेल तसं कर," म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला. "खंडेनवमीला तुमच्याकडे मशीनची पूजा असते ना? मी येऊन बघते. पटलं तर जा, नाही तर घरी बस."

खंडेनवमीला शेठ दारातच हात जोडून उभे. "आओ माताजी! आपकी बहू के बिना ये मशीन चालत नाय." मशीनच्या आतल्या आरशांना हळदकुंकू नको, पत्र्याच्या झाकणाला लावा, असं त्यांनी दारातच बजावलं. मग सासूबाई लेसरच्या खोलीत निघाल्या तशी शेठनी वाट अडवली. "माताजी, सोना बाहेर. रूल म्हणजे रूल."

सासूबाईंनी आधी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, मग माझ्याकडे. संपलं, म्हटलं मनात. आता या पाय आपटत परत जाणार आणि आपली नोकरी गेली.

त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पाटल्या काढल्या, मग मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. जड होतं, आणि अंगाच्या उबेने कोमट. त्यांच्या मानेवर त्याचा काळपट वळ होता.

आत मी त्यांना चष्मा चढवला. पडद्यावर मोठा दिसणाऱ्या हिऱ्यावर ठिणग्या पडू लागल्या. "एवढ्यात झालंसुद्धा?" त्यांनी विचारलं. मशीन बंद करून मी हिरा त्यांच्या तळहातावर ठेवला. "अगंबाई, गरम नाही!" म्हणून त्या हसल्या. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जिंकले, असं मला वाटलं.

परतताना रिक्षात त्या सारखा मानेवरून हात फिरवत होत्या.

"लग्नानंतर आज पहिल्यांदा काढलं," त्या म्हणाल्या. "मान एवढी हलकी असते, मला ठाऊकच नव्हतं."

"मग पटलं ना, आई?"

"पटलं. म्हणूनच सांगते, आता जाऊ नकोस. परत घालताना आज माझ्याच्यानं घालवेना, कसंबसं घातलं. या वयात. तू तर रोज काढतेस. एक दिवस घालणार नाहीस."

त्यांना खोटं पाडायला मला खोटं बोलावं लागलं असतं. कारखान्याच्या दारात संध्याकाळी ते गळ्यात अडकवताना मला काय वाटायचं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला, त्या सकाळी मी हेंद्रेपाड्यात गवार निवडत होते. समोर सासूबाईही निवडत होत्या. आम्ही दोघीही एकमेकींच्या गळ्याकडे बघत नव्हतो.