बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

“बटणांच्या डब्यात सापडल्या मला! बटणांच्या डब्यात!”

आवाज तिसऱ्या मजल्यावरून येत होता आणि मी अजून खाली स्कूटर स्टँडला लावत होतो. रविवारची दुपार, तुळिंजचा बाजार ऐन गर्दीत. पण त्या आवाजाने भाजीवाल्यांचे काटे अधांतरी थांबले, रिक्षावाल्यांनी हॉर्न गिळले, आणि समोरच्या पत्र्यावरच्या कबुतरीने अंडं घालायचं पुढे ढकललं. हे मी शपथेवर सांगत नाही. शपथ घ्यायला आमच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, मनाई आहे, आणि ती मनाई मला आयुष्यभर फार सोयीची पडली आहे.

वर गॅलरीत आमच्या टेलरमास्तरांची बायको उभी होती. हातात पत्र्याचा गोल डबा. तो ती असा खुळखुळवत होती, जणू आरोपीला हजर करत होती.

“या भावोजी, या! आणि तुमची ती वटारची आजी कुठाय? नाही आणलंत तिला? ती म्हणे धडाधडा जिने चढते आता!”

माझ्या मागे गुरुजी स्कूटरवरून उतरून उभे होते. आमच्या मंडळीतले सगळ्यात जुने वडील. त्यांनी एकदा वर पाहिलं, खिशातली तेलाची बाटली जागेवर आहे का ते चाचपलं आणि म्हणाले, “चला.”

सकाळपासून ते एवढा एकच शब्द बोलले होते. मास्तर दोन रविवार उपासनेला आले नव्हते. त्यांच्या बायकोचा गुरुजींना फोन गेला होता. मला का बरोबर घेतलंय, ते गुरुजींनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. पण त्या तीन मजल्यांच्या पायऱ्या मी मोजल्या, त्या तीनशे भरल्या.

आता वडील म्हणजे काय, ते सांगायला हवं. चंदनसारला एका इमारतीच्या तळमजल्यावर, पिठाच्या गिरणीशेजारच्या गाळ्यात आमची मंडळी भरते. कुणी नगरकडचे, कुणी जालन्याचे, कुणी कोकणातले. विरारला फ्लॅट घेतला आणि इथे एकत्र आले. मंडळीला पाळक असतात, पण पाळकसाहेब एकटे किती ठिकाणी पुरणार? म्हणून चारपाच माणसं निवडतात, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, आणि ती माणसं वडील होतात. वयाशी त्याचा संबंध नाही. वडिलांनी घरोघर जायचं. कोण येत नाही, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचा विश्वास भिजलेल्या काडेपेटीसारखा झालाय, ते बघायचं. आजाऱ्याच्या कपाळाला जैतुनाचं तेल लावून प्रार्थना करायची. प्रत्येकाचं नाव देवापुढे घ्यायचं. थोडक्यात, दुसऱ्यांच्या जिवांची राखण.

अशा कामाला त्यांनी मला का निवडलं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मी पंखे विकतो. नालासोपाऱ्यात विजेच्या सामानाच्या दुकानात तीस वर्षं उभा आहे आणि माझ्या तोंडून एकही पंखा नुसता ‘बरा’ म्हणून गेलेला नाही. प्रत्येक पंख्याखाली लोक स्वेटर घालून बसतात, असंच मी सांगत आलो.

माझ्या डोक्यावर हात ठेवले त्या दिवशी गुरुजींनी मला गिरणीच्या ओट्यावर बसवलं होतं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. आवाज इतका बारीक की प्रार्थना करू लागले की डाससुद्धा जवळ येऊन कान देतात. म्हणाले, “एका घरात बघितलेलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही. बाकी सगळं जमतं हळूहळू.”

“गुरुजी,” मी छाती पुढे काढून म्हणालो, “मी पंख्याशिवाय कुणाच्या घरी काही नेत नाही!”

ते हसले नाहीत. पिठाचा पांढरा धुरळा आमच्या दोघांच्या केसांवर बसत होता. तेवढ्यापुरता मीही त्यांच्याइतकाच वडील दिसत असणार.

मग ती वटारची दुपार.

गृहभेटीला निघालं की प्रत्येक घरी चहा घ्यावा लागतो. नाही म्हटलं की घर दुखावतं. त्या रविवारी वटारला पोचेपर्यंत माझ्या पोटात सात चहा झाले होते, आणि गतिरोधकावर स्कूटर उडाली की आतून भरतीचा आवाज यायचा. आमच्या मंडळीतली एक म्हातारी आजी तिथे लेकीकडे होती. लेक बागायतदाराच्या घरात दिलेली. आजीने सहा दिवस शब्द उच्चारला नव्हता. चमच्याने पाणी घातलं तर गिळायची, एवढंच.

घर केळीच्या वाडीत. आत शिरलो आणि उन्हाचा रंगच बदलला. खिडकीबाहेर केळीची पानं इतकी दाट की खोलीत येणारा उजेड हिरवा होऊनच यायचा. भिंती हिरव्या, चादर हिरवी, गुरुजींचा पांढरा शर्ट हिरवा. विहिरीच्या तळाशी बसून वर बघावं तसं वाटत होतं. लांबून समुद्राचा आवाज येत होता, की तो पंख्याचा होता, कोण जाणे. आणि पंख्यातलं मला कळतं, तरी सांगता येत नाही.

गुरुजींनी अंगठ्यावर तेल घेतलं, आजीच्या कपाळाला लावलं आणि प्रार्थना सुरू केली. मी डोळे मिटले. वडिलाने असं कबूल करू नये, पण मी जागाही नव्हतो आणि झोपलोही नव्हतो. मधल्याच कुठल्यातरी गावात होतो. तिथे ती खाट पाण्यावरच्या होडीसारखी हलली. आजी उठून बसली. पाय खाली सोडले, नऊवारीचा पदर खोचला आणि दारातून वाडीत गेली. तिच्या पायांखालची पानं वाजली नाहीत. मी मागून बघत होतो. ती विहिरीवर वाकली, पाणी शेंदलं, ओंजळीने प्यायली, आणि मागे वळून माझ्याकडे बघून हसली. माझी आई असती तर तशीच हसली असती. माझ्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि मला वाटत होतं ते विहिरीचं आहे.

“खिडकी लावा की,” कुणीतरी म्हणालं. “डोळ्यांवर ऊन येतंय.”

मी डोळे उघडले. आजी होती तशीच आडवी होती, फक्त तिचे डोळे उघडे होते. पानांच्या फटीतून उन्हाची एक काडी तिच्या पापणीवर पडली होती. लेक धावत गेली आणि रडत रडत खिडकी लावली. गुरुजी “आमेन” म्हणाले. मग आठवा चहा आला.

झालं ते एवढंच.

पुढच्या रविवारी उपासनेत साक्षीची वेळ आली. देवाने आठवड्यात काय केलं, ते ज्याला सांगायचं त्याने उभं राहून सांगायचं. गाळ्यात सगळे वारा घेत बसलेले, पाळकसाहेबांनी विचारलं, “कुणाची साक्ष?” आणि माझे पाय माझ्या आधी उभे राहिले. मी आजी सहा दिवस मुकी होती म्हणून सुरुवात केली. तेल लावलं म्हणालो. पुढच्या बाकावरच्या बायकांनी श्वास रोखले. आता इतके श्वास रोखलेले असताना नुसती खिडकी कशी लावणार? म्हणून आजीला मी उठवलं. “हालेलुया!” चालवलं. “हालेलुया!” विहिरीवर नेलं, पाणी शेंदायला लावलं. मग कुणीतरी मागून टाळी वाजवली, तेव्हा तिला जांभळाच्या झाडावरही चढवलं. खाली उतरवायचं तेवढं राहून गेलं.

खोटं बोलत होतो असं मला वाटलंच नाही. मी ते बघितलं होतं ना! फक्त कुठे बघितलं, एवढं वगळलं.

शेवटच्या बाकावर टेलरमास्तर बसले होते, उजवा पाय वाटेत लांब सोडून. त्यांना साखरेचा आजार. अंगठ्याशेजारी जखम झाली होती, ती भरत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दिवसाआड पट्टी बदलायला या, गोळ्या चुकवू नका, नाहीतर बोट जाईल, बोटापाठोपाठ पाऊल. मास्तरांचं मशीन पायाचं. त्याच पायावर त्यांनी पोरं शिकवली, पाळकसाहेबांचे झगे शिवले. त्या दिवशी ते हमसून हमसून रडत होते. मी बघितलं आणि मनात म्हटलं, बघ, कशी साक्ष दिलीस!

तर त्या तीनशे पायऱ्या चढून आम्ही आत गेलो. मास्तर मशीनमागे बसले होते, पाय स्टुलावर. पट्टी मळून पिवळी पडलेली. खोलीत कापडाच्या चिंध्यांचे ढीग, लाल, जांभळे, मोरपंखी. खिडकीला कुणाची तरी न शिवलेली गुलाबी साडी पडद्यासारखी लावली होती, त्यामुळे सगळी दुपारच गुलाबी झाली होती. आणि सगळ्यावर एक वास, जो कापडाचा नव्हता.

वहिनींनी डबा मशीनवर आपटला. “मोजा! एक गोळी पोटात गेली नाही. दवाखान्यात जातो सांगून हा माणूस बागेत बसून येतो! विचारलं की म्हणतो, आजीला झालं तर मला का नाही होणार.”

“ओरडू नको गं,” मास्तर म्हणाले. “सलाम गुरुजी. सलाम भाऊ. गोळी घ्यायची आणि प्रार्थनाही करायची, म्हणजे देवाला वाटेल, ह्याचा भरवसा अर्धाच. आजीने काय गोळी घेतली होती? तुम्ही आलात, आता लावा तेल. मी तयार आहे.”

आणि त्यांनी पाय माझ्याकडे पुढे केला. गुरुजींकडे नाही, माझ्याकडे.

मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी जमिनीवरचं एक सुटं बटण उचलून बघत होते. त्यांना ते फारच आवडलेलं दिसलं.

मी सुरुवात केली. “मास्तर, त्या दिवशी मी जे सांगितलं… म्हणजे असं बघा, पापी माणूस मी, माझ्याएवढा पापी वसईपासून डहाणूपर्यंत…”

“भाऊ,” गुरुजी बटणाकडेच बघत म्हणाले, “छोटं करा.”

पंख्याच्या दुकानात तीस वर्षं काढलेल्या माणसाला छोटं करता येत नाही. तरी केलं.

“आजी उठली नाही, मास्तर.”

वहिनींचा हात डब्यावर थांबला.

“म्हणजे विहिरीवर नाही गेली?” मास्तरांनी विचारलं.

“त्या वाडीत विहीरच नाही. बोअरिंग आहे.”

“आणि जांभळाच्या झाडावर?”

“झाड आहे. पण ती खाटेवरच आहे. अजून.”

गुलाबी साडी वाऱ्याने फुगली आणि बसली, फुगली आणि बसली, जणू खोलीच श्वास घेत होती. मला वाटलं आता जमीन दुभंगावी. दुभंगली नाही, खाली दुसऱ्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली.

“मग तिने केलं काय?”

“म्हणाली, खिडकी लावा. डोळ्यांवर ऊन येतंय.”

“आणि?”

“लेकीने लावली. रडत होती.”

“किती दिवसांनी बोलली?” मास्तरांचा आवाज बसला होता. “त्या दिवशी उपासना सुटल्यावर तुम्ही बाहेर जिन्यात मला दहा म्हणाला होतात.”

“सहा,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठला आकडा कमी केला.

मास्तरांनी पायाकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा असा काही झाला की मला भिंतीकडे तोंड करावंसं वाटलं. रागावले असते तर बरं होतं. ते घाबरले होते. त्या दोन आठवड्यांची सगळी भीती, जी माझ्या विहिरीच्या पाण्याने झाकून ठेवली होती, ती उघडी पडली. “वाचेल का हो आता?” त्यांनी विचारलं. गुरुजींना नाही, मला नाही; बायकोला.

वहिनी खाली बसून मास्तरांच्या डाव्या पायात चप्पल घालू लागल्या.

गुरुजींनी बाटली काढली, अंगठ्यावर तेल घेतलं. “तेल लावायचं आणि दवाखान्यातही जायचं. देवाला दोन्ही चालतं.” मग मला म्हणाले, “तुम्ही करा प्रार्थना.”

मी केली. डोळे उघडे ठेवून. ती माझी सगळ्यात छोटी प्रार्थना. काय म्हणालो ते सांगत नाही, एका घरातलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही.

दोघांनी मिळून मास्तरांना खाली उतरवलं. रविवारीही उघडा असलेल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली, नाक आखडलं आणि मास्तरांना सोडून आम्हा दोघांनाच झापलं. मग हातमोजे घातले. “अंगठ्याचं सांगता येत नाही. पाऊल वाचेल, आजपासून रोज आलात तर.” वहिनींनी डबा पिशवीतून काढला आणि तिथेच एक गोळी मास्तरांच्या तळहातावर ठेवली.

आम्ही दोघे बाहेर बाकावर बसलो. उन्हं कलली होती. रस्त्यावरची धूळ सोनेरी होऊन तरंगत होती. माझ्या मनात पुढचा रविवार उभा होता: तो गाळा, ते रोखलेले श्वास, आणि झाडावर चढून बसलेली आजी, जिला सगळ्यांसमोर मलाच खाली उतरवायचं होतं. मी गुरुजींना विचारलं, “मंडळीपुढे मी उभा राहून काय सांगू? कुठून सुरुवात करू? निवड परत घ्या म्हणू का? गुडघ्यावर बसू का?”

“खिडकीचं सांगा,” गुरुजी म्हणाले. “तेवढंच सांगा आणि खाली बसा.”