मेजर सर्व्हिसिंगनंतरचा गोड वास

माझ्या गाडीचं इंजिन बिघडलं तेव्हा दोष कोणाचा, हे मला पहिल्या तीन मिनिटांत कळलं होतं. उरलेला दिवस मी चुकीचा ठरण्यात गेला, एवढंच.

मी जळगावात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. पेट्रोल इंजिन मी बावीस वर्षं फळ्यावर चालवतोय आणि फळ्यावर ते एकदाही बंद पडलेलं नाही. त्यामुळे आमच्या जुन्या गाडीचं मेजर सर्व्हिसिंग करायचं ठरलं, तेव्हा मी ती शकूरभाईंकडे पूर्ण तयारीनिशी नेली. शकूरभाई म्हणजे आमच्या कॉलनीचे मिस्त्री. निम्म्या कॉलनीच्या गाड्या त्यांच्याच हातच्या. माणूस सोन्यासारखा. पण विश्वास वेगळा आणि पुरावा वेगळा (असं मी प्रॅक्टिकलच्या तासाला नेहमी सांगतो). म्हणून आदल्या संध्याकाळी मी बायकोची, म्हणजे सुनीताची, लाल नेलपॉलिश पळवली आणि बदलायच्या प्रत्येक भागावर गुपचूप एकेक ठिपका दिला. फॅनचा पट्टा, रेडिएटरची नळी, प्लगच्या चारही वायरी, सगळ्यांना. गाडी परत आल्यावर ठिपका दिसला, की मिस्त्री सापडला!

गाडी परत आली ती पोळ्याच्या आदल्या दिवशी. चालवून पाहिली, लोण्यासारखी चालत होती. ठिपके तपासणार होतो, पण घरात पुरण शिजत होतं. माणसाला आधी काय आणि नंतर काय हे कळलं पाहिजे.

आता अक्काविषयी सांगायला हवं. अक्का म्हणजे माझी आई. तिचा सगळा जन्म पारोळ्याकडच्या खेड्यात, शेतात आणि गोठ्यात गेला. पाय थकले तेव्हा शेत बटाईने दिलं, चांद्या आणि हौशा ही बैलजोडी विकली आणि तिला जळगावला आणलं. त्या वर्षी पोळ्याला ती दिवसभर कोणाशी बोलली नाही. मला फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी मीच म्हणालो, "अक्का, आता आपला बैल म्हणजे ही गाडी. हिचीच पूजा करत जा." तेव्हापासून पोळ्याला आमच्या गाडीला आंघोळ, हार आणि आरती असते. शेजारी हसतात. अक्काला फरक पडत नाही, त्यामुळे मलाही नाही.

यंदा मात्र ती ताट घेऊन गाडीभोवती दोनदा फिरली आणि म्हणाली, "भाऊ, इन्हं तोंड कोठे शे रे?"

मास्तरला प्रश्न विचारला की उत्तर एका वाक्यात येत नाही. मी बॉनेट उघडलं. "ही जाड काळी नळी दिसते ना अक्का? गाडी इथून हवा ओढते. हेच तिचं नाक, हेच तोंड. इथून आत गेलं, की थेट पोटात." एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला शिक्षक? पिस्टनपासून सायलेन्सरपर्यंत सगळं सांगितलं. अक्का इतकं मन लावून ऐकत होती की माझे डोळे भरून आले (वर्गात असं कोणी ऐकत नाही). शिकवण्याच्या भरात ठिपके बघायचे राहूनच गेले. मग फोन आला म्हणून मी घरात गेलो आणि बॉनेट उघडंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला मावशीच्या नातवाचा साखरपुडा होता. दुपारी बाराचा मुहूर्त. अक्का पुढे, सुनीता मागे, तिच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. डिकी आहेराच्या सामानाने भरलेली.

गाव सुटलं आणि गाडीत वास आला.

"अहो, तुपाचा वास येतोय," सुनीता म्हणाली.

"इंजिनात तूप कुठून येणार? तुझ्या डब्याचा असेल."

"डबा बंद आहे. आणि हा जळक्या तुपाचा आहे. गूळ करपल्यासारखा."

मी एक दीर्घ श्वास घेतला. वास खरंच गोड होता. "गोड वास म्हणजे कूलंट," मी शांतपणे निदान केलं. "कूलंट जळतंय, म्हणजे हेड गॅस्केट गेलं. सर्व्हिसिंगमध्ये बोल्ट नीट आवळले नाहीत."

"मग आता?"

"मग काय? मला कळलंय ना, काळजी करू नको."

मला कळल्याचं गाडीला मात्र कळलं नव्हतं. आधी ती खोकायला लागली. मग ॲक्सिलरेटर दाबला की पुढे जाण्याऐवजी नुसती कण्हायची. मागून काळा धूर निघाला. आम्हाला ट्रकने मागे टाकलं, ट्रॅक्टरने मागे टाकलं, आणि शेवटी कडब्याच्या बैलगाडीने मागे टाकलं. बैलांकडे पाहून अक्काने हात जोडले. एरंडोलच्या अलीकडे आम्ही एका लिंबाखाली कायमचे थांबलो.

मी बॉनेट उघडलं आणि जागच्या जागी थिजलो. पट्ट्याशेजारी लाल ठिपका. नळीवर लाल ठिपका. चारही वायरींवर लाल ठिपके. एकही भाग बदललेला नव्हता!

"बघ," मी सुनीताला म्हणालो. "हा पुरावा."

"हे ठिपके कसले?"

"तुझ्या नेलपॉलिशचे."

"म्हणजे ती तुम्ही घेतलीत? मी चार दिवस कामवालीवर संशय घेतेय!"

त्या क्षणी तो विषय मला गौण वाटला. मी फोन काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं : 'शकूर मिस्त्रींकडे गाडी देताना सावध राहावे. पार्ट न बदलता बदलले सांगतात. माझ्याकडे शास्त्रीय पुरावा आहे.' लगेच सात अंगठे आले. एकाने लिहिलं, 'बरं झालं सर, मी उद्याच देणार होतो. आता नाही देत.' वीस वर्षांत कमावलेलं एका माणसाचं नाव मी दोन मिनिटांत धुळीला मिळवलं, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा छान वाटत होतं.

मग मी शकूरभाईंना फोन केला. आवाज चढवून गाडी बंद पडल्याचं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "सर, हात लावू नका. मी निघालो."

तासाभरात ते मोटारसायकलवरून आले. उन्हाने लाल झाले होते. त्यांनी आधी अक्काला सलाम केला आणि मग बॉनेटमध्ये वाकले. मी मागे हाताची घडी घालून उभा होतो.

"शकूरभाई, हे ठिपके ओळखता का?"

त्यांनी नळीवरच्या ठिपक्यावरून बोट फिरवलं. ठिपका बोटावर आला. त्यांनी ते बोट माझ्यासमोर धरलं.

"सर, हे कुंकू आहे."

मी बोट पाहिलं. ठिपका पाहिला. मग अक्काकडे पाहिलं.

"बठ्ठास्ले लावं मी," अक्का सगळ्या भागांकडे हात करून समाधानाने म्हणाली. "एकलेबी सोडं नई."

"तुम्ही नेलपॉलिश लावलेलं सामान डिकीत आहे," शकूरभाई म्हणाले. "सगळे जुने पार्ट पिशवीत घालून ठेवलेत. मी नेहमीच परत देतो. तुम्ही पिशवी उघडलीच नसेल."

आहेराच्या खोक्यांखालून पिशवी निघाली. पट्टा, नळी, वायरी, प्रत्येकावर माझा ठिपका चमकत होता.

"मग गाडी का बंद पडली?" मी विचारलं. आवाज बराच खाली आला होता.

शकूरभाईंनी ती जाड काळी नळी सोडवली, आत दोन बोटं घातली आणि हळूहळू ओढायला लागले. आधी तुपकट कोपरा बाहेर आला, मग घडी, मग आणखी एक घडी. खापरावरची हातभर पुरणपोळी होती ती. अर्धी करपलेली, अर्धी शाबूत.

सुनीताने पदर तोंडाला लावला. शकूरभाई पोळी हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

"अक्का," मी म्हणालो, "हे काय?"

"बैलले देतस तसा घास दिधा," अक्का म्हणाली. "तूच त सांगं व्हतं, हाई तोंड शे, आठून गये की थेट पोटमा जास."

सगळं मीच शिकवलं होतं, आणि विद्यार्थिनीने शंभर टक्के बरोबर उत्तर लिहिलं होतं.

शकूरभाईंनी नळी पुसली, जोडली, चावी फिरवली. गाडी लोण्यासारखी सुरू झाली. मग त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. माझाच मेसेज. कॉलनीतल्या कोणीतरी त्यांना पाठवला होता.

"वाटेत वाचला," ते म्हणाले. "ठिपके मी परवाच बघितले होते सर. तेव्हाच वाईट वाटलं. पण म्हटलं, मास्तर आहेत, पेपर तपासायची सवय असते."

मला इतकी लाज वाटली की गाडीखाली जाऊन झोपावंसं वाटलं. मी तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर लिहिलं : 'शकूरभाईंनी सगळे पार्ट बदलले होते. इंजिनात पुरणपोळी होती. ती कुठे घालायची हे मी दाखवलं होतं. चूक माझी.' या वेळी अंगठे आले नाहीत. हसून डोळ्यांत पाणी आलेली बत्तीस तोंडं आली. ज्याने गाडी देणार नाही म्हटलं होतं त्याने लिहिलं, 'मी उद्या देतोय. सर, तुम्ही फक्त त्या बाजूला येऊ नका.'

सुनीताने डबा उघडून शकूरभाईंना दोन पोळ्या दिल्या. त्यांनी लिंबाखाली बसून त्या खाल्ल्या आणि अक्काला म्हणाले, "पुढच्या वेळी गाडीची पण मलाच द्या. मी बंद नाही पडणार." आम्ही धुळ्याला पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि आचारी भांडी घासायला टाकत होते.

त्यानंतरच्या पोळ्याला मी सकाळीच गाडीचं बॉनेट बंद करून चावी खिशात ठेवली. अक्का ताट घेऊन बाहेर आली. गाडीला तिने नुसता हार घातला आणि तिला वळसा घालून थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि तुपात भिजलेला पुरणपोळीचा घास पुढे केला.

"मला कशाला?" मी विचारलं.

"गाडीले मिस्त्री शे," अक्का म्हणाली. "आते घरमा एकच बैल उरना."

तोंड कुठे आहे, हे या वेळी तिला सांगावं लागलं नाही. मी ते मुकाट्याने उघडलं.